शर्मिष्ठा तारकासमूहातला मधला तारा लुकलुकतो, तोच का तो 'बदलणारा' तारा?

तारा तोच, पण तुम्हाला गच्चीवरून दिसली ती लुकलुक आपल्या हवेमुळे, ती सगळ्याच ताऱ्यांची होते. त्याच्या स्वतःच्या तेजातला बदल फार सावकाश असतो, महिने-वर्षं लागतात. गॅमा कॅसिओपी त्याचं नाव, आपल्यापासून साधारण ५५० प्रकाशवर्षं लांब.

आता तो का बदलतो, तर तो भयंकर वेगात गिरकी घेतोय म्हणून. सूर्याचा पृष्ठभाग विषुववृत्तावर सेकंदाला जेमतेम २ किलोमीटर फिरतो, याचा ४०० च्या वर, एवढा अवाढव्य तारा आणि एक फेरी सव्वा दिवसात! त्यामुळे तो गोल राहिलेलाच नाही, मधे फुगलाय वर-खाली चपटा झालाय, आणि कमरेपाशी गुरुत्वाकर्षणाची पकड इतकी ढिली की तिथला वायू सुटून ताऱ्याभोवती चकती होते. ही चकती कधी भरते कधी विरते, तिचाही उजेड ताऱ्याच्या उजेडात मिसळतो, त्यामुळे आपल्याला तारा कमी-जास्त दिसतो. १८६६ मधे सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने याच्या वर्णपटात, म्हणजे उजेडाचे रंग सुटे करून मिळणाऱ्या पट्ट्यात, हायड्रोजनच्या रेषा काळ्या असायच्या त्या उजळ बघितल्या, तो उजेड या चकतीचाच. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. १९३७ च्या सुमारास हा १.६ प्रतीपर्यंत चढला आणि १९४० पर्यंत ३ च्या आसपास उतरला, म्हणजे साडेतीन पट फरक, तोही नुसत्या डोळ्यांनी कळेल असा!! मला या ताऱ्याचं सगळ्यात जास्त हेच आवडतं, दुर्बिणीची गरजच नाही.

याला नावी पण म्हणतात. अंतराळवीर गस ग्रिसमने आपल्या आयव्हन या मधल्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटी करून ते दिलं, पुढे जानेवारी १९६७ मधे अपोलो १ च्या आगीत तो गेला. तारा दिसला की मला त्याची आठवण येतेच.

तुम्ही असं करा, नोव्हेंबरअखेरीस रात्री साडेआठ-नऊला उत्तरेकडे तोंड करा, ध्रुवाच्या वर शर्मिष्ठेचा इंग्रजी एम दिसेल. डावीकडून पहिला काफ, दुसरा शेडार, तिसरा आपला. ते दोघं साधारण २.२-२.३ प्रतीचे, हा सध्या त्यांच्याच जोडीचा, किंचित जास्त तेजस्वी. तिघांची तुलना करून तारखेसकट वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी परत. मी दर हिवाळ्यात करतो.