नवीन एसएसडी आणि रॅम बसवल्यावर कॉम्प्युटर सुरू होत नाही, विंडोज परत टाकावं का?

नको. निदान आज तरी नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून, विंडोज जुन्या साटा (म्हणजे केबलने जोडायच्या) एसएसडीवर आहे, परवा त्याच डेस्कटॉपमध्ये एक एम डॉट टू (म्हणजे थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारी) एसएसडी आणि ८ जीबी रॅमची आणखी एक पट्टी बसवली आणि तेव्हापासून काळ्या स्क्रीनवर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ एवढीच ओळ येते. डेटा बहुतेक जिथल्या तिथे आहे.

ही ओळ दिसतेय हे बरंच आहे. प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले यांची हजेरी झाल्याशिवाय मशीन ती दाखवूच शकत नाही. रॅम नीट बसली नसती तर नुसते पंखे फिरले असते आणि स्क्रीन कोरी राहिली असती, नाहीतर स्पीकर असल्यास बीप आले असते. म्हणून पट्ट्या काढून खोडरबराने घासत बसण्याचा उद्योग सध्या राहू द्या. गाडी अडलीय ती विंडोजची डिस्क न सापडण्यावर.

माझं स्वतःचं असंच झालं होतं. नवी एसएसडी काढली की विंडोज गुमान सुरू, परत लावली की हीच ओळ. चार वेळा करून बघितलं, रात्रीचा दीड वाजला. एसएसडीच खराब असणार अशी खात्री करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी अख्खा कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात बदलून मागायला गेलो. काउंटरवरच्या पोराने एसएसडीकडे बघितलंसुद्धा नाही. जुन्या डिस्कची केबल बोर्डाच्या कडेच्या एका पोर्टातून उपसली, शेजारच्या पोर्टात खोचली आणि म्हणाला, “करा चालू.” झालं चालू!

भानगड अशी आहे की बऱ्याच मदरबोर्डांवर एम डॉट टू स्लॉट आणि एखाद-दुसरं साटा पोर्ट एकाच लाइनवर असतात. स्लॉटमध्ये एसएसडी बसली की ते पोर्ट आपोआप बंद. अनेक बोर्डांवर हा मान पाचव्या-सहाव्या पोर्टाला मिळतो, पण सगळीकडे तसंच असेल असं नाही. मॅन्युअलमध्ये साटाच्या पानावर बारीक अक्षरात टीप असते, मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळते. पोर्टाचा नंबर बोर्डावरच छापलेला असतो, मोबाइलच्या टॉर्चशिवाय मात्र दिसत नाही.

तेव्हा आधी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जा. चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा आणि स्टोरेजच्या यादीत जुनी डिस्क आहे का बघा. नसेल, तर केबल दुसऱ्या पोर्टात लावा. त्याआधी भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. रॅम बसवताना कोपर लागून डिस्कची पॉवरची पिन सैल झाली असेल तर तीही दाबून बघा, हेही नेहमीचंच.

डिस्क यादीत दिसत असेल तर काम सोपं. बहुतेक नवी कोरी एसएसडी बूटच्या क्रमात, म्हणजे कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्या यादीत, वर जाऊन बसलीय. ‘विंडोज बूट मॅनेजर’ला पहिला नंबर द्या. तो पर्याय नसेल आणि विंडोज फार जुन्या पद्धतीने, एमबीआर (डिस्कच्या विभागणीची जुनी पद्धत) डिस्कवर टाकलेलं असेल, तर सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारं बायॉसमधलं सेटिंग, चालू करावं लागेल. बायॉसमधल्या साटा मोडला, म्हणजे डिस्क कोणत्या पद्धतीने (एएचसीआय की रेड) चालवायची त्या सेटिंगला, मात्र हात लावू नका. एएचसीआयचं रेड किंवा रेडचं एएचसीआय झालं, की निळी स्क्रीन आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर या बदलांनंतर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, मोबाइलवर उघडून आधीच लिहून ठेवा.

नव्या एसएसडीवर विंडोज घ्यायचंच असेल तर ते पुढे सावकाश घ्या, आणि इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या तर सेटअप बूटच्या फाइली गुपचूप जुन्या डिस्कवर टाकू शकतो. सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की पुन्हा हीच ओळ तुमच्यासमोर.

केबल हलवूनही यादीत काहीच आलं नाही, तर मदरबोर्डचं पूर्ण मॉडेल आणि सध्याच्या पोर्टाचा नंबर लिहा, मॅन्युअल उघडून बघतो.