परदेशातल्या उइगुर (चीनमधला एक मुस्लिम समाज) लोकांना चीनच्या शिनजियांग प्रांतात अटकेत असलेल्या नातेवाइकांची खबर कशी मिळते?

चीनच्या सरकारकडून सरळ जवाब जवळजवळ कधीच मिळत नाही. खबर येते ती आडवाटेने आणि तुकड्यातुकड्यांनी. २०१७ नंतर घरच्यांनीच परदेशातल्या मुलाबाळांना वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवरून काढून टाकलं, कारण बाहेर फोन करणंच संशयाचं झालं. बोलणं झालंच तर ‘अब्बा शिकायला गेलेत’ असं वाक्य ऐकू येतं, आणि ऐकणारा समजतो की त्यांना अटक झालीय. मग उरतात सुटून बाहेर आलेल्यांच्या साक्षी, फुटलेली पोलिसी कागदपत्रं (२०२२च्या ‘शिनजियांग पोलिस फाइल्स’मध्ये तर कैद्यांचे फोटोच होते, काहींना आपलं माणूस तिथे दिसलं) आणि शिनजियांग व्हिक्टिम्स डेटाबेससारख्या नोंदी. संयुक्त राष्ट्रांच्या सक्तीने बेपत्ता केलेल्यांविषयीच्या कार्यगटाकडेही अर्ज करता येतो. तो चीनला विचारणा करतो, उत्तर देणं मात्र चीनच्या मर्जीवर. किती वाट पाहावी लागते? लोकसंस्कृतीच्या अभ्यासक राहिले दावूत डिसेंबर २०१७ मध्ये बेपत्ता झाल्या. त्यांना जन्मठेप झाल्याची खात्री अमेरिकेतल्या दुई हुआ फाउंडेशन या मानवाधिकार संस्थेने केली ती सप्टेंबर २०२३ मध्ये. त्याही अगोदर त्यांची मुलगी अमेरिकेतून वर्षानुवर्षं जाहीरपणे विचारत होती.

एक लक्षात ठेवा: कुठल्याच यादीत नाव नाही म्हणजे माणूस मोकळा आहे असं नव्हे. आणि जाहीर बोलल्यामुळे मागे राहिलेल्या घरच्यांवर दबाव आल्याच्या तक्रारीही बऱ्याच आहेत, त्यामुळे बोलायचं की गप्प बसायचं हे ज्याचं त्यानेच ठरवावं लागतं.