वेगळी पाल दिसली, आता पुढे?

तुम्हाला दिसलेल्या वेगळ्या पालीचे फोटो पाठवून ही नवी प्रजाती असेल का, असं तुम्ही विचारलंत. फोटो छान आहेत, पण रंगावरून नवी प्रजाती ठरवू नका. एकाच प्रजातीत नर, मादी आणि पिल्लं वेगळी दिसू शकतात. सह्याद्रीतल्या दिनचर पालींमध्ये (क्नेमास्पिस) नराच्या मांडीखालची छिद्रं मोजतात. पाठीवरचे खवले, बोटांखालच्या पट्ट्या, डीएनए हेही तपासतात. क्नेमास्पिस गिरीआय ही कास परिसरातली पाल शास्त्राला २०१४ मध्ये कळली. तिथे तोवर किती लोक फिरून गेले असतील! म्हणून तुमची शंका मला मोलाची वाटते.

आधी जवळच्या प्रजातींची मूळ वर्णनं, म्हणजे त्यांना पहिल्यांदा नाव देणारे शोधनिबंध, वाचा. सर्वांत कंटाळवाणं काम हेच, आणि खरा निकाल बहुतेकदा इथेच लागतो. मग पालींवर काम करणाऱ्या अभ्यासकाला गाठा. वनखात्याच्या परवानगीशिवाय पाल पकडू नका, एकही नाही. नव्या प्रजातीचं वर्णन प्रसिद्ध करताना प्रमाण-नमुना (ज्या पालीवरून वर्णन केलं ती) मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. जैवविविधता कायदा, २००२ मध्येही तशी तरतूद आहे.

आणि कृपया, नेमकी जागा सगळ्यांना सांगू नका. एखाद्याच कड्यावर राहणारी पाल तस्करांच्या हाती लागायला वेळ लागत नाही. तारीख, उंची, खडक की झाड, एवढं मात्र वहीत आजच लिहून ठेवा.