झडीतले रायफल शिबिर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नवतपा संपून मृग लागला की नागपुरात नेमबाजीची शनिवार-रविवारची शिबिरे सुरू होतात आणि नेमकी त्याच दोन दिवसांत झड लागते. या वेळची जवळजवळ सगळी पत्रे पावसाबद्दलच आहेत.

प्रश्न : शिबिर ५० मीटर .२२ रायफलचे आहे, झोपून पोझिशन. फायरिंग पॉइंटवर शेड आहे, टार्गेट उघड्यावर. दोन्ही दिवस पाऊस सांगितला आहे. जावे की नाव काढून घ्यावे? जायचे तर काय न्यावे? (वाचक, मानेवाडा)

जा. पावसासाठी शिबिर सोडू नका, विजेसाठी मात्र रेंज सोडा. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. मग बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) उघडा, रायफल रिकामी करा, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) लावा आणि रेंज ऑफिसरच्या परवानगीने पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जाऊन बसा. पत्र्याचे शेड हा आसरा नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे परत यायचे नाही.

सामानात जाड ताडपत्रीचा तुकडा हवाच, कारण शेडमध्येही जमिनीतून ओल येते आणि मॅट ती शोषून घेते. तो मॅटपेक्षा वीतभर मोठा कापा. दोन सुती टॉवेल न्या, एक हातांसाठी, एक रायफलसाठी. त्यांची अदलाबदल करू नका. मोज्यांचे दोन जास्तीचे जोड, झिपच्या पिशव्या आणि शिसपेन्सिल घ्या. ओलसर स्कोअर कार्डावर बॉलपेन उठत नाही, पेन्सिल उठते. शूटिंगचे बूट पिशवीतून न्या आणि मॅटशेजारीच घाला. आपली काळी माती तळव्याला एकदा चिकटली की ती मॅटवर, तिथून कोपरावर आणि शेवटी बोल्टमध्ये जाते. टू-व्हीलरवरून येणार असाल तर जॅकेट रेनकोटच्या आत घालून येऊ नका. आतल्या घामानेच ते भिजते.

प्रश्न : शनिवारी ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा झुबका) मध्यावर होता. रविवारी पहिल्या दहा गोळ्यांनंतर सगळे खाली, घड्याळातल्या सहाच्या अंगाला, आणि उभट पसरलेले. रिअर साईट (डोळ्याजवळची) वर घेतली तर तिसऱ्या टार्गेट कार्डावर ग्रुप वर गेला. साईट बिघडली का? (वाचक, हिंगणा रोड)

साईटला हात लावायला नको होता. स्लिंग (रायफल दंडाला बांधणारा पट्टा) चामड्याची असावी, असा आमचा अंदाज आहे. चामडे भिजले की ताणते. डाव्या दंडावरचा पट्टा अर्धा सेंटीमीटर जरी सैल झाला तरी रायफलचा भार स्लिंगवरून निघून तुमच्या स्नायूंवर येतो. मग नळी थोडी खाली येते, तुम्ही नकळत ती वर उचलून धरता आणि ट्रिगर सुटताना पकड ढिली झाली की गोळी खाली जाते. प्रत्येक वेळी उचलण्याचा जोर वेगळा, म्हणून ग्रुप उभट. तिसऱ्या कार्डापर्यंत तुम्ही जास्त जोर लावायला शिकलात, आणि साईट आधीच वर घेतलेली होती.

शनिवारी कोरड्या स्थितीत ग्रुप बसला की स्लिंगचे भोक कितवे ते वहीत लिहा. बकलाच्या कडेला पट्ट्यावर पेनाने आडवी रेघही मारा. दर दहा गोळ्यांनी रेघ बघा. बकल आणि रेघ यांच्यात फट पडली तर पट्टा आवळा. मग डोळे मिटा, दोनदा श्वास सोडा, डोळे उघडा. काळा ठिपका फ्रंट साईटच्या रिंगमध्ये आपोआप बसायला हवा. डावी-उजवीकडे गेला असेल तर डावे कोपर जागेवर ठेवून कंबर सरकवा. वर-खाली असेल तर हँडस्टॉप (रायफलखाली डावा हात अडतो तो ठोकळा) सरकवा: मागे घेतला की नळी वर जाते, पुढे नेला की खाली. हाताने ढकलून ठिपका बसवू नका. क्लिकची, म्हणजे साईट फिरवण्याची, पाळी येते ती हे सगळे झाल्यावर, आणि बहुतेक वेळा येतच नाही. सिंथेटिक स्लिंग मिळाली तर पावसाळ्यापुरती तीच वापरा.

प्रश्न : नेम धरताना ठिपका फुगलेला दिसतो, कधी दोन दिसतात. चष्म्यावरही वाफ धरते. (वाचक, धरमपेठ)

दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. ठिपका फुगतो तेव्हा रिअर साईटच्या भोकात पाणी अडकलेले असते. भोक साधारण १.१ मिलिमीटरचे, त्यात थेंब बसला की त्याचे भिंग होते. बोट घालू नका, बोटाचे तेल राहते. टिश्यूच्या कोपऱ्याची समईसारखी बारीक वात वळा आणि भोकाला नुसती टेकवा. पाणी तीत चढते. नेम धरत नसाल तेव्हा साईटवर टोपण किंवा कोरडा मोजा असू द्या.

वाफ बहुधा एसीमुळे धरते. एसी गाडीतून किंवा खोलीतून आणलेली थंड काच रेंजवरच्या दमट हवेत आली की तिच्यावर दव धरते. हेच बॅरलवरही होते, फक्त तिथे ते दिसत नाही. पेटी रेंजवर आणल्यावर २०-३० मिनिटे बंदच ठेवा, मग उघडा. श्वास नाकाने, खाली सोडा. तोंडाने सोडलेली वाफ थेट काचेवर जाते.

ढगाळ उजेडात आणखी एक गोष्ट करा: रंगीत फिल्टर काढा आणि आयरिस (रिअर साईटचे भोक लहानमोठे करणारी चकती) थोडी उघडा, १.१ वरून १.२ किंवा १.३ पर्यंत. रिंग आणि ठिपका यांच्यातली पांढरी कड स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर फ्रंट रिंग एक नंबर मोठी लावा.

प्रश्न : पावसाचे थेंब लागून गोळी खाली जाते का? (वाचक, कामठी)

चिंता करण्याइतकी नाही. पावसासोबत येणारा वारा मात्र नेतो. पॅरिस २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) ब्राँझ मिळवले, त्याच टार्गेटचा हिशेब पाहा: दहाची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर बाहेर. सेकंदाला १ मीटर वेगाचा, म्हणजे चेहऱ्यावर जेमतेम जाणवणारा आडवा वारा मॅच गोळीला ६-७ मिलिमीटर सरकवतो. सर येण्याआधीच्या झोताने याच्या तिपटीचौपटीने जाते. साईट पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) असेल तर ५० मीटरवर एक क्लिक म्हणजे साधारण ३.६ मिलिमीटर, तेव्हा दोन-सव्वादोन क्लिकना एक रिंग.

भिजलेल्या कापडी झेंड्यांवर विश्वास ठेवू नका. पाण्याने जड झालेला झेंडा लोंबकळतो आणि वारा असूनही नाही असे सांगतो. त्यापेक्षा सरींची तिरकी रेघ किंवा टार्गेटमागचे गवत बघा. ओल्या कागदावरचे भोक फाटके दिसते. गेज (भोक मोजायचे साधन) लावून मोजायचे असेल तर कागद आधी वाळू द्या.

प्रश्न : काल एक गोळी नुसती "फुस्स" झाली. दुसरी तर उडालीच नाही. मी लगेच बोल्ट ओढला. प्रशिक्षक रागावले. (वाचक, प्रतापनगर)

रागावले ते बरोबरच. न उडालेली गोळी उशिरा पेटू शकते. नळी टार्गेटकडेच, हात वर, ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. "फुस्स" याहून वाईट: गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. रायफल रिकामी करा, प्रशिक्षकांकडून मागून रॉड घालून नळी मोकळी आहे हे बघून घ्या.

राउंड भिजू देऊ नका. डबीतून दहाच काढा, झाकण लावा. शिशावरचा मेणाचा थर टॉवेलने पुसू नका, तो नळीसाठीच आहे. चिखलात पडलेली गोळी धुऊन-पुसून वापरायची नाही, रेंज ऑफिसरकडे द्यायची. चेंबरमध्ये (नळीत गोळी बसते त्या जागी) पाणी असले तरी एखादी गोळी ग्रुपबाहेर जाते. शंका आली की कोरडी चिंदी फिरवा.

प्रश्न : एनसीसीत पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंदी शिकवली होती. शिबिरानंतर घरी वेगळे काही? जॅकेट कूलरसमोर वाळवले तर चालेल? (कॅडेट, सक्करदरा)

क्लबची रायफल क्लबच्या पद्धतीने पुसून क्लबलाच परत जाते. स्वतःची परवान्याची असेल तर चेंबरकडून कोरड्या चिंद्या, निघेल ती पांढरी येईपर्यंत, मग अगदी पातळ तेलाची एक. बाहेरचे लोखंड, स्क्रूची डोकी, बटप्लेटच्या (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीच्या) मागची बाजू पुसा. त्या रात्री फोमच्या पेटीत ठेवू नका. फोममध्ये पाणी राहते आणि पेटी जिथे टेकते तिथेच सकाळी तांबूस डाग दिसतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या गोळीआधी तेलाची नळी कोरडी करा, नाहीतर पहिले एक-दोन शॉट भलतीकडे जातात. एअर रायफलच्या नळीत तेल घालायचेच नाही. तिला फेल्टचे कोरडे पेलेट. तिचा हवेचा सिलिंडर हातपंपाने भरत असाल तर पावसात ओलसर हवाच आत जाते, म्हणून ओल धरणारा फिल्टर लावा.

कूलरसमोर चालेल, फक्त पंपाचे बटण बंद हवे. पंप चालू ठेवून वाळवणे म्हणजे जॅकेटवर पुन्हा पाणी मारणे. बाह्यांत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला. ऊन किंवा हेअर ड्रायर नको. चामडे आक्रसते आणि खांद्याचे माप बदलते.

प्रश्न : मामांच्या नावावर .२२ आहे. ती शिबिराला आणू का? आणि एअर रायफलला परवाना लागतो का? (वाचक, वर्धमाननगर)

नाही. परवाना मामांचा आहे, तुमचा नाही. क्लबचीच रायफल मागा. एअर रायफलचा बोअर (नळीचा आतला व्यास) ४.५ मिलिमीटरपेक्षा किंवा नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तर ती परवान्यात येते. विकत घेताना दोन्ही आकडे पावतीवर लिहून घ्या.