दहावी नापास मुलाने मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत लगेच कामाला लागावे की आधी आयटीआय करावे?

माझ्या मते आधी आयटीआय करावे, कारण दहावी नापास मुलाला येथे काम मिळते खरे, परंतु ते बहुधा ठेकेदाराकडचे हेल्परचे असते आणि मुलगा वर्षानुवर्षे तेथेच राहतो. कुपवाडच्या एका मशीन शॉपमध्ये भरतीसाठी आलेल्या मुलांची चाचणी मी घेतो. त्यांच्या हाती एक जॉब (यंत्रावर घडवलेला सुटा भाग) आणि व्हर्नियर कॅलिपर (बारीक माप घेण्याचे साधन) देतो. ड्रॉइंगवर २५ मिमी, अधिक-उणे ०.०५ असे लिहिलेले असते, म्हणजे ०.०५ मिमीपर्यंतचा फरक चालतो. माप २५.०६ आले तर जॉब रिजेक्ट, हे ज्याला दशांश अपूर्णांक कळतो त्याला क्षणात सांगता येते. इतरांचा गोंधळ होतो, आणि (हे सांगणे भाग आहे) त्यांत बारावी झालेलेही असतात. म्हणजे अडसर प्रमाणपत्राइतकाच पाचवी-सहावीच्या गणिताचा आणि शिफ्टच्या रजिस्टरमध्ये दोन ओळी नीट लिहिण्याचा असतो. आयटीआयच्या वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना (व्यवसाय अभ्यासक्रमांना) आठवी उत्तीर्ण असणे पुरते. वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा, तर फिटरचा दोन वर्षांचा असून त्यासाठी दहावी उत्तीर्ण लागते. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली अप्रेंटिसशिप करता येते व त्या काळात विद्यावेतन मिळते. मात्र घरची कमाई आजच आवश्यक असेल, तर हेल्परचे काम स्वीकारून दहावीच्या पुरवणी परीक्षेत राहिलेले विषय सोडवावेत. त्यासाठी रात्रपाळी टाळता आली तर उत्तम.