मुलांना पहिलं संगीत नाटक दाखवताना

सहा-सात वर्षांच्या मुलांना न्यायचंय ना? अवश्य न्या. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग लागला की खुशाल तिकीट काढा, पण दुपारचा खेळ मिळाला तर तोच घ्या. रात्री मध्यंतरानंतर मुलं पेंगतात आणि नाटकाला उगाच नावं ठेवली जातात.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- गोष्ट आधी सांगून ठेवा. उदाहरणार्थ, 'सौभद्र' हे संगीत नाटक 1882 चं आहे, भाषा जुनी. संन्यासी झालेला अर्जुनच आहे हे माहीत असलं की मुलांना गंमत कळते. शेवट सांगितला तरी बिघडत नाही, इथे मजा गाण्यात आहे.
- खुर्ची कडेची, मधल्या वाटेलगतची. अगदी पहिली रांग नको, लहान मुलांना मान वर करून बसावं लागतं. ऑर्गन आणि तबला रंगमंचाजवळ कुठल्या बाजूला मांडलाय ते विचारून घ्या. वादकाचे हात दिसले की आलाप लांबला तरी मूल तिथं रमतं.
- पहिल्या घंटेआधी बाथरूम. तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो आणि नांदी, म्हणजे सुरुवातीचं स्तवन, चुकते. ती चुकवू नका, सगळे नट एकत्र गाताना बघणं मुलांना फार आवडतं.

नेहमीची चूक म्हणजे आवाज करणाऱ्या पुड्यांतला खाऊ. घरून पोटभर खाऊन निघा, बाकी मध्यंतरात.

'वन्स मोअर' झाला की तेच पद पुन्हा होतं, हेही सांगून ठेवा. मूल कंटाळलंच तर पद संपेपर्यंत थांबा, टाळ्यांत बाहेर पडा. रागावू नका.

राग-ताल आत्ता राहू द्या.