आईचा पंप कपाटात कशाला?

प्रश्न: मला लहानपणापासून दमा आहे. आता नऊ वर्षांच्या मुलालाही निघाला. सासूबाई म्हणतात, तुझ्याकडूनच आला. त्याचा रोजचा पंप मी एकदाही चुकवत नाही, पण दोघांचा खर्च झेपेना म्हणून माझा चार महिने बंद आहे. धाप लागली की निळा पंप ओढते, तोही त्याच्या नजरेआड. हे रात्रपाळीला असतात. परवा रात्री दोन वाजता मला घरघर लागली, तर पोरगा अंधारात उठून कपाटातून माझा पंप घेऊन आला. मला रडूच आलं. त्यानं मला सांभाळायचं हे वय आहे का?
– एक आई, सांगली

ताई, पंप कुठे लपवलाय हे त्याला अंधारातही ठाऊक होतं. म्हणजे तो बरेच दिवस तुमच्यावर लक्ष ठेवून आहे.

माझी आई दमेकरी होती. पावसाळ्यात छातीशी लोड धरून बसल्या बसल्या रात्र काढायची आणि आम्हाला म्हणायची, "काही नाही, झोपा." मी कुठली झोपतेय? पांघरुणाखाली तिच्या छातीतली शिट्टी ऐकत पडायचे. वाजली तरी भीती, थांबली तरी भीती. तुमचा मुलगा तेच करतोय, आणि ते थांबवणं तुमच्या हातात आहे.

याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा आणि चार महिने पंप बंद आहे हे सरळ सांगा. निळा पंप आवळलेल्या श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो. आतली सूज उतरवतो तो रोजचा. तो बंद केला की सूज परत चढते. निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल, किंवा दम्यानं झोपमोड होत असेल, तर दमा आटोक्यात नाही असंच समजायचं. पैशांचंही त्यांच्याशीच बोला. स्वस्तातलं जेनेरिक चालेल का विचारा, सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा. आणि 'रोजच्या पंपात स्टेरॉइड आहे, सवय लागेल' म्हणून कुणी घाबरवलं तर ऐकू नका. स्टेरॉइडच्या गोळीतला डोस मिलिग्रॅममध्ये असतो, पंपातला मायक्रोग्रॅममध्ये, आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग.

सासूबाईंचं म्हणाल, तर आईला दमा असला की मुलाला होण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण तेवढ्यानं तो होतोच असं नाही; धूळ, धूर, ओल, सर्दीपडसं, सगळ्यांचा त्यात हात असतो. यात तुमचा काडीचाही गुन्हा नाही. त्यांना दोष द्यायला नव्हे, मदतीला बोलवा. डासांची कॉइल आणि देवापुढची उदबत्ती बंद करायचं काम त्यांच्याच शब्दानं होईल.

आता मुलाचं. कपाटातला पंप बाहेर काढा. रात्री दात घासण्याआधी दोघं शेजारी बसून आपापला रोजचा पंप घ्या. पंप हलवायचा, त्याला स्पेसर (औषध नीट आत जावं म्हणून जोडायची पोकळ नळी) लावायचा, एक दाब, पाच-सहा संथ श्वास, मग दुसरा दाब. शेवटी दोघांनी खळखळून चूळ भरायची. त्याला मोजू द्या, तुमचं चुकलं तर टोकू द्या. मुलांना हे फार आवडतं, आणि यात त्याच्यावर ओझं काही नाही.

रात्रीचं मात्र मोठ्यांनीच ठरवायचं. शेजारच्या काकूंना आजच विश्वासात घ्या. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराला लावा: आईला दम लागला तर आधी आजीला उठव, मग काकूंचं दार वाजव. निळ्या पंपानं उतार पडत नसेल, एक वाक्यही सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडले तर लगेच 108. तुमच्यासाठी आणि त्याच्यासाठीही हाच नियम. शाळेत बाईंना निळा पंप आणि डॉक्टरांची चिठ्ठी देऊन ठेवा, आणि त्याला खेळापासून अडवू नका.

परवाच्या रात्रीबद्दल त्याला जवळ घेऊन सांगा, "तू आलास, मला बरं वाटलं. आता मीही रोज पंप घेणार आहे. तू झोप." आणि महिन्याभरानं मला चार ओळी लिहा. तुमच्या धापेचं कळवाच, पण तो रात्री सलग झोपतो का, ते आधी कळवा.